आरसा नसलेलं पान

४ जानेवारी

चि. विदुषीस,
आशीर्वाद.

तुझ्या स्मारक समितीने पाठवलेला खोलीचा नकाशा काल मिळाला. नकाशा उत्तम. उत्तरेला खिडकी, खिडकीसमोर शिशाच्या अक्षर-खिळ्यांच्या खणदार केसेस, दाराजवळ छपाईचं ट्रेडल मशीन, शाईच्या डब्यांना वेगळी फळी. कुणीतरी डोकं लावून काढलाय असं मनात म्हणतोय, तोच नजर 'क' या खुणेवर गेली. तळाला बारीक अक्षरात खुलासा होता : 'क – भिंतीवरचा आरसा, कादंबरीत आहे तसा, जुळाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.'

आरसा! खिळे जुळवणाऱ्याच्या पुढ्यात आरसा! छापखाना मांडताय की केशकर्तनालय?

मी एकोणतीस वर्षं खिळे जुळवले. माझ्या उस्तादाने एक्केचाळीस. आमच्यापैकी कुणीही कामाच्या जागी आरसा बघितला नाही, मागितला नाही. शिशाचं अक्षर उलटं असतं हे खरं. पण जुळारी ते तसंच वाचतो, तू वर्तमानपत्र वाचतेस तितक्याच सहज. पहिल्या सहा महिन्यांत डोळा बसतो. ज्याचा बसत नाही त्याला मालक दुसरं काम बघायला सांगतो, आरसा आणून देत नाही.

ज्यांचं स्मारक, त्या तुमच्या कादंबरीसम्राटांना हे माहीत नव्हतं. ठीक. त्यांनी सहाव्या प्रकरणात आरसा टांगला, लोकांनी माना डोलावल्या. तेही ठीक. पण आता त्यांच्या पुस्तकात चूक आहे म्हणून माझ्या हाताने खरा छापखाना चुकीचा मांडून घेणार? वर येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी सांगायचं की 'असंच असायचं बरं का'?

मी कोणत्या अडचणीत आहे ते तुला ठाऊक आहे. छापखाना बंद झाला. मालक म्हणाले, 'खिळे आणि ट्रेडल तुझं समज, पण ३१ मार्चच्या आत जागा बघ. पहिल्या तारखेला गाळा रिकामा हवा.' भंगारवाला दोनदा येऊन केसला बुटाने ठोकून गेला. तो वजनावर नेणार आणि वितळवणार. तुझ्यामुळे स्मारकातली मागची खोली मिळतेय, ते उपकार मी विसरलेलो नाही. पण 'क' काढायला सांग.

तुझा,
दादा


१२ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र हातात घेतानाच चटका बसला. पोस्टमनचं काय झालं असेल कुणास ठाऊक!

अरे, ती कादंबरी आहे. यंत्राबरोबर येणारं माहितीपत्रक नाही. होडी बुडते, मेलेल्यांची यादी छापायला येते आणि यादी जुळवता जुळवता त्या माणसाला समोरच्या आरशात आपल्या बायकोचं नाव सुलट दिसतं. नावामागे त्याचाच चेहरा. ऐंशी वर्षं लोक ते पान वाचून रडताहेत. शाळेत मुलं पाठ करतात. मी स्वतः नववीत असताना त्या पानापायी दोन दिवस जेवले नव्हते. आई तुला सांगत आली होती, 'बघ रे, तुझ्या आत्येबहिणीला काय झालंय.' आठवतं? ज्याने हे केलं तो मोठा लेखक नाही, तर मग मोठा कोण?

मी अध्यक्षांशी बोलले. ते निवृत्त सर्जन आहेत, बोलणंही तसंच, एका घावात. म्हणाले, 'लोक आरसा बघायला येणार आहेत. आरसा नाही तर खोली नाही.' तीस मार्चला प्रदर्शनाचं उद्घाटन. समितीतल्या नऊपैकी आठ जण त्यांच्या बाजूचे.

एक वीतभर आरसा, दादा. त्या बदल्यात चौदा केसेस, सगळे खिळे आणि ट्रेडल वाचतंय. हिशेब तूच कर.

तुझी,
विदुषी (हे नाव कधी सोडणार आहेस?)


१७ जानेवारी

चि. विदुषीस,
आशीर्वाद.

आठ जण त्यांच्या बाजूचे, म्हणजे नववी तू. तू कोणत्या बाजूची ते पत्रात लिहायचं राहिलं वाटतं.

'माहितीपत्रक नाही' हे तुम्हा प्राध्यापकांचं ठेवणीतलं वाक्य आहे. मी सातवीनंतर शाळा बघितली नाही. जे वाचलं ते शिशातून वाचलं, एकेक अक्षर बोटांनी उचलून. म्हणून मला पानं उलटून पुढे जाता येत नाही. त्या कादंबरीची अकरावी आवृत्ती कुणी जुळवली? मी. दोनशे ब्याण्णव पानं. तुम्ही रडलात ते आरशाचं वाक्य मी स्वतःच्या हाताने जुळवलंय, दात ओठ खात. जुळाऱ्याने मूळ प्रतीत हात घालायचा नाही हा आमचा धर्म, म्हणून गप्प बसलो. चोवीस वर्षं बसलो.

आता ऐक. जुळाऱ्याच्या डाव्या हातात स्टिक असते, म्हणजे ओळ जुळवायची लोखंडी पट्टी. उजवा हात खणांतून खिळे उचलतो. स्टिक आडवी, अक्षरांची तोंडं आभाळाकडे. भिंतीवरच्या आरशात ती दिसायची तर स्टिक उभी करावी लागेल. अर्धवट जुळवलेली ओळ उभी केली की काय होतं? खिळे फरशीवर! तुझा नायक बायकोचं नाव आरशात वाचतो त्या क्षणी त्याच्या पायाशी शिशाचा सडा पडलेला असायला हवा. त्याबद्दल एक अक्षर नाही.

चौथ्या प्रकरणात तो जुळवलेलं अख्खं पान वहीसारखं काखेत मारून जिना उतरतो. दहा किलो सुटं शिसं, काखेत! नवव्यात छापलेल्या कागदावर फुंकर मारून शाई वाळवतो. शाई आहे ती, चहा नाही.

तू म्हणशील, किरकोळ. किरकोळ नाही. ज्याला माणसाचे हात दिसत नाहीत त्याला माणसाचं दुःख दिसलं, यावर मी कसा विश्वास ठेवू? हा गृहस्थ छापखान्यात मालकाच्या टेबलापलीकडे कधी गेलाच नाही, हे मी शपथेवर सांगतो. तिथे बसून चहा प्यायला आणि घरी येऊन आमच्यावर महाकादंबरी लिहिली. त्यावर पुतळा, रस्ता, टपाल तिकीट. आमच्यावर लिहून तो थोर झाला, आणि आम्ही कसे उभे राहतो एवढंही त्याला माहीत नाही.

एकच विचारतो. स्मारकात त्याचे सगळे कागद आहेत, किल्ली तुझ्याकडे असते. त्यात एक तरी चिठ्ठी आहे का, की त्याने कुणा जुळाऱ्याला काही विचारलं? असेल तर दाखव. मी तोंडात मारून घेईन.

तुझा,
दादा


२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

परीक्षांचं काम आहे, म्हणून थोडक्यात. कागदांमध्ये तसं काही नाही. हट्ट सोड. येत्या आठवड्यात ट्रक पाठवतेय. केसेस एकदा आत आल्या की आरशाचं पुढे बघता येईल.

तुझी,
विदुषी


१५ फेब्रुवारी

चि. विदुषीस,
आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. इतकं छोटं पत्र तू मला उभ्या जन्मात लिहिलं नव्हतंस. परीक्षा फारच अवघड दिसतात यंदा.

मंगळवारी ट्रकबरोबर मीही आलो. तू भेटशील असं वाटलं होतं. शिपाई म्हणाला, 'मॅडम आज येणार नाहीत.' केसेस उतरवून घेतल्या. खोली खरंच चांगली आहे. उजेड डाव्या खांद्यावरून येतो, हवा तसा. आणि समोर आरसा आधीच टांगलेला! सोनेरी चौकटीचा. वीतभर म्हणाली होतीस ना? हातभर आहे. लग्नाच्या हॉलमधला उचलून आणल्यासारखा.

तिथे माहिती सांगणारी एक मुलगी सराव करत होती. आरशासमोर उभी राहून म्हणते, 'इथे जुळारी दिवसभर आपला चेहरा आणि आपली अक्षरं एकत्र बघत असे.'

मी म्हटलं, 'बाळ, तो चेहरा बघत बसला तर पगार कोण देणार?'

ती हसली. बिचारी म्हणाली, 'काका, मला लिहून दिलंय.'

'कुणी?'

'मॅडमनी.'

तेवढ्यात अध्यक्ष आले. मी आरसा उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवला. ते म्हणाले, 'हे काय चाललंय?'

'छापखाना मांडतोय. तुम्हीच बोलावलंत.'

'आरसा जागेवर लावा.'

मी विचारलं, 'डॉक्टर, कुणी कादंबरीत लिहिलं की सर्जन पायांनी ऑपरेशन करतो, तर तुमच्या पुतळ्याच्या पायात चाकू द्यायचा का?'

त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, 'तुमची ही प्रदर्शनाची खोली आमच्या मेहरबानीवर आहे. आठवडाभरात ठरवा. नाहीतर हे लोखंड परत घेऊन जा.'

लोखंड म्हणाले. शिसं आहे ते.

निर्णय माझा आहे, कळतंय मला. पण तुला एक विचारतो, त्या मुलीला ते वाक्य लिहून देताना तुझा हात थांबला नाही का?

दादा


२१ फेब्रुवारी

दादा,

थांबला होता. अकरा वर्षांपूर्वीच थांबला होता.

तू विचारलंस त्याला मी 'तसं काही नाही' असं उत्तर दिलं. ते खोटं होतं. सहाव्या प्रकरणाचा पहिला खर्डा स्मारकात आहे. अकरा वर्षांपूर्वी मला तो एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला सापडला. मी सोडून कुणी वाचलेला नाही. त्यात आरसा नाही. ते पान उतरवून पाठवतेय :

'यादी दुपारी आली. तो नावं वाचत नव्हता. जुळारी नावं वाचत नाही, अक्षरं उचलतो. पस्तिसावं नाव अर्धं झालं आणि बोटं खणावरच राहिली. त्याच्या आधी बोटांना कळलं. त्याने उरलेली अक्षरं उचलली. ओळ सैल होती. सैल ओळ सांडते. दोन शब्दांमध्ये त्याने बारीक पट्टी सरकवली, उजव्या हातातली स्टिक किंचित कलती करून अंगठ्याने ओळ दाबून पाहिली, आणखी एक पट्टी सरकवली. आता काहीच हलत नव्हतं. मग त्याने स्टिक खाली ठेवली, आणि मग तो त्या बाईचा नवरा झाला.'

समासात वेगळ्या अक्षरात शेरा आहे, बहुधा प्रकाशकाचा : 'वाचकाला यातलं काय कळणार? काहीतरी डोळ्यांना दिसणारं हवं.' त्याखाली लेखकाच्या अक्षरात एकच शब्द, 'आरसा?' आणि मग सगळ्या पानावर काट.

माझा प्रबंध तेव्हा छापून दोन वर्षं झाली होती. दोनशे साठ पानं, सगळी त्या आरशावर उभी. त्या प्रबंधावर मला नोकरी मिळाली, समितीत जागा मिळाली, नव्या आवृत्तीची प्रस्तावनाही मिळाली. मी तो खर्डा पुन्हा पुठ्ठ्यात सरकवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

तुला काय हवं ते म्हण.

विदुषी म्हणू नकोस फक्त.


२८ फेब्रुवारी

बरं, नाही म्हणत.

तुझं पत्र सोमवारी आलं. आज शुक्रवार. चार दिवस मी ते पान वाचतोय आणि चार दिवस चिडतोय. कुणावर चिडावं हेच ठरत नाही, इतकी माणसं रांगेत उभी आहेत.

आधी माझं. चोवीस वर्षं मी गावभर सांगत फिरलो की हा माणूस छापखान्यात कधी गेलाच नाही. तो गेला होता. नुसता गेला नव्हता, उभा राहिला होता. पुरावा देतो. त्याने स्टिक उजव्या हातात लिहिली आहे. चूक आहे, ती डाव्या हातात असते. पण ही चूक घरी बसून होत नाही. केसच्या पलीकडे, जुळाऱ्याच्या समोरासमोर तासन्‌तास उभं राहून बघणाऱ्याची होते. समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. मी तोंडात मारून घेईन म्हटलं होतं. घेतली.

आता त्याचं. त्याला माहीत नव्हतं असं मी समजत होतो, तोवर राग एका मापाचा होता. आता दुसऱ्याच मापाचा आहे. त्याला सगळं कळलं होतं! ओळ घट्ट झाल्याशिवाय स्टिक ठेवता येत नाही, हे ज्याने पाहिलं, त्याने आम्हाला आतून पाहिलं. आणि एका शेऱ्यासाठी ते पुसून आरसा टांगला! अडाण्याला माफी असते. याला कसली द्यायची?

आणि तू. तू ते अकरा वर्षं पुठ्ठ्यात कोंडलंस. आत्या गेली तेव्हा तिच्या निधनाचं कार्ड मी जुळवलं. तू छापखान्यात येऊन माझ्या शेजारी उभी होतीस. विचारलंस, 'दादा, तुला रडू नाही येत?' मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं, मी दगड आहे. पुढे दोन महिने तू धड बोलली नाहीस. अगं, ओळ सैल होती! त्याचं उत्तर तुझ्या त्या कुलपात पडलं होतं, तू वाचलंही होतंस, आणि तरीही माझ्याकडे आली नाहीस.

खोलीचं मी बघून घेईन. आरसा लावायचा तर लावतील. चौदा केसेस वाचत असतील तर मी त्या चौकटीसमोर उभा राहीन आणि गप्प बसेन, इतका मी खाली आलोय. तू मात्र त्या आठ जणांसमोर ते पान वाचायला हवंस. मला दाखवून फिटणारं हे नाही.

दादा


१४ मार्च

प्रिय दादा,

वाचलं.

परवा बैठक होती. मी पान मोठ्याने वाचलं, मग समासातला शेरा वाचला, मग माझ्या प्रबंधाबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. खजिनदारांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, 'लेखकाने स्वतः काट मारलेला मजकूर म्हणजे लेखकाची इच्छा नव्हे. हा कागद परत कपाटात जाईल.' किल्ली माझ्याकडून मागून घेतली. प्रस्तावना आता दुसरं कुणी लिहितंय.

हे सगळं मी धरूनच चालले होते. पुढचं धरलं नव्हतं. त्यांनी खोलीच रद्द केली. म्हणाले, 'हा सगळा उपद्व्याप त्या जुळाऱ्याने चालवलाय.' आता तिथे एक मोठं चित्र लावणार, समोर आरसा, आणि लोक फोटो काढणार. तुझ्या केसेस सोमवारी परत येताहेत. मी ते थांबवायला गेले होते. शिपायाने मला आत सोडलं नाही.

दादा, तू गप्प राहायला तयार झाला होतास. मी बोलले, आणि किंमत तुझ्या खिळ्यांनी दिली. मी अजून तीन ठिकाणी विचारलं. चौदा केसेस ठेवायला कुणाकडे जागा नाही.

मी गप्प बसायला हवं होतं का?

तुझी,
बहीण


२९ मार्च

चि. बहिणीस,
अनेक आशीर्वाद.

नाही. बसायला नको होतं. पुन्हा विचारलंस तर मात्र मी खरंच रागावेन.

केसेस आल्या. त्यांनी दोन केसेस एकमेकींवर उलट्या ठेवल्या होत्या, सगळे खण एक झाले. अडीच दिवस निवडत बसलो. हे सर्जन लोक पोट तरी कसं शिवतात देव जाणे.

मग ते पान जुळवलं. सोबत पहिलं प्रूफ आहे, तुझ्यासाठी ठेवलेलं. मोठा टाइप घेतला, दोन्ही बाजूंना भरपूर समास सोडला. स्टिक उजव्या हातातच ठेवली आहे. हात शिवशिवला, पण ती त्याची चूक आहे आणि तिथे शोभते. त्याने मारलेली काट छापलेली नाही. खाली लहान अक्षरात प्रकाशकाचा शेराही दिलाय, म्हणजे कुणी काय कापलं ते कळेल. वही स्मारकाची असेल, पण लेखक जाऊन एकाहत्तर वर्षं झाली, वाक्यं आता सगळ्यांची आहेत. मी वकिलाला विचारून घेतलंय. मी अंदाजाने काम करत नाही.

चारशे प्रती काढल्या. ट्रेडल शेवटपर्यंत एकदाही कुरकुरलं नाही.

आज दुपारी भंगारवाला माप घ्यायला आला. परवा सगळं नेणार आहे. मी पान सोडवून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकत होतो. तो थोडा वेळ बघत राहिला. म्हणाला, 'काका, सगळं एकाच भट्टीत जाणार. वेगळं कशाला करताय?' मी म्हटलं, 'परवा तुझं आहे. आज माझं आहे.' तो पायरीवर बसून राहिला, काम संपेपर्यंत. यावेळी बूट लावला नाही.

तू मला पहिल्याच पत्रात विचारलं होतंस, हा मोठा नाही तर मोठा कोण. तीन महिने भांडून सांगतो. ज्या पानासाठी त्याचा पुतळा उभा केलाय, त्या पानापुरता तो मोठा नाही. तिथे तो घाबरला. ज्या पानावर त्याने काट मारली, तिथे त्याच्याइतका मोठा माणूस मी वाचलेला नाही. एका पानाचा मोठेपणा. पुष्कळांना तेवढाही मिळत नाही.

हे पत्र पोस्टाने नाही, माणसाच्या हाती आजच पाठवतोय, कारण उद्या उद्घाटन दहाला आहे. तू साडेनऊला मुख्य फाटकाशी ये. फाटकाबाहेरचा रस्ता कुणाच्या मेहरबानीवर नाही. डावी बाजू तुझी, उजवी माझी, दोनशे-दोनशे प्रती. आत आरशापाशी जाण्याआधी प्रत्येकाच्या हातात एक कागद पडला पाहिजे. तुझे विद्यार्थी येतील, सहकारी येतील, बघून हसतील. मान खाली घालू नकोस, कागद दे.

कुणी विचारेल, 'हे कुणी लिहिलंय?' तर माझं नाव सांगू नकोस, तुझंही नको. लेखकाचंच नाव सांग. हे त्याने लिहिलं होतं.

तुझा,
दादा